खाजेचं तेल आणि सासूचं नाव

इस्लापूरच्या बाजारात त्या दिवशी वांग्यांपेक्षा एका बातमीला जास्त गिऱ्हाईक होतं. पारूबाई गजभारेनं म्हणे ढग्यांच्या सुनेचं तोंड तेजाबानं जाळलं. जुनी खुन्नस होती, ती काढली. मिरच्यावाल्यानं तेजाबाची बाटली किनवटहून आणल्याचं सांगितलं, बांगड्यावालीनं ती हिमायतनगरहून आल्याची शपथ घेतली, आणि बाजार उठेपर्यंत बिचाऱ्या सुनेचा एक डोळाही जाऊन बसला होता.

खरं म्हणाल तर तेजाब नव्हतंच. सुनेचे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि त्यांतून ती सगळ्या गावाकडं रागानं बघत होती. गालावर आणि मानेवर फोड आले होते एवढं खरं. तेल लावून आले, हेही खरं. पण ते तेल पारूबाईनं उकळलेलं नव्हतं. ज्या चुलीवर ते उकळलं, त्या चुलीजवळ तिला जाऊच दिलं नव्हतं. पण ही दुसरी गोष्ट सांगायला बाजारात कुणी थांबलं नाही. तेजाबात जी मजा होती ती हिच्यात कुठून येणार?

पारूबाई चौसष्ट वर्षांची. अंगानं वाळलेली, चालीनं तुरतुरीत, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी चुकलंय असं आधीच वाटावं. तिला खळखळून हसताना बघितलेली माणसं गल्लीत असतीलच तर ती आता म्हातारी झाली असतील. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली. मुलगा आनंदराज बिलोलीला सरकारी कचेरीत कारकून. तो दर दिवाळीला येतो, आईला बिलोलीला चल म्हणतो, आणि ती नाही म्हणाली की सुटकेचा श्वास सोडून परत जातो. हा श्वास गल्लीनं मोजलेला आहे, पारूबाईनं तर कधीचाच.

तिनं सव्वीस वर्षं निवासी आश्रमशाळेच्या वसतिगृहात कामाठीण म्हणून झाडलोट केली. जंगलातल्या गावांमधून आलेली दोनशे पोरं, एका गोधडीत तिघं, आणि थंडी सुरू झाली की सगळ्यांची बोटं एकदम खाजायला लागायची. मास्तर फळ्यावर लिहायचे आणि मागं वर्गभर खरखर चालायची, जसं काही कुणी सुतार लाकूड तासतोय. तेव्हा पारूबाईनं घरचं तेल नेलं. सासू धुरपताबाईनं शिकवलेलं तेल.

धुरपताबाईचं नाव पारूबाई फार कमी घ्यायची, पण घेतलं की पदर सारखा करायची. ही सासू म्हणजे शेळ्यांमागं जंगल हिंडलेली बाई. कुठल्या झाडाची साल कुठल्या अंगाची काढायची, हे तिला तोंडपाठ. खैराची साल, कडुनिंबाचा पाला, करंजाच्या बिया, पावसाळ्यात ज्याची भाजी करतात त्या तरोट्याचं बी आणि हळद. सालीचा काढा आटवायचा, बाकीचं पाट्यावर वाटून गोळा करायचा आणि हे सगळं तिळाच्या तेलात मंद आचेवर दोन दिवस रटरटू द्यायचं. तेल झालं की नाही हे घड्याळावर ठरत नाही. तळाचा गाळ बोटांत वळून त्याची वात करायची आणि निखाऱ्यावर धरायची. वात चटचट वाजली तर तेलात पाणी आहे, अजून थांबा. मुकाट्यानं जळली तर उतरवा. पारूबाई त्या वातीकडं कान लावून बसायची तेव्हा शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा तिच्या शिवीनं बंद व्हायचा.

आणि एक गोष्ट तिची खरीच मानावी लागेल. तेलाबद्दल ती खोटं बोलायची नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकानं एकदा म्हटलं, "पारूबाई, तुमच्या तेलानं खरूज पळाली बघा."

"तेलानं न्हाई पळत सायेब," ती म्हणाली. "तेल खाज निववतं, आग निववतं, पोरगं रातीला झोपतं. खरजेला दवाखान्याचं मलमच लागतं. तेबी समद्या पोरांला एकाच दिशी लावाव लागतं, आन् गोधड्या उन्हात टाकाव लागतात. तुम्ही मलम एकाला लावून राहिलाव आन् दुसऱ्याला पुढच्या हप्त्यात."

अधीक्षक पुढं महिनाभर तिच्याशी बोलला नाही. मलम मात्र एकाच दिवशी सगळ्यांना लागलं.

आता ढग्यांचं घर. नाल्याच्या पलीकडं, उंच ओसरीचं, हळदीची आणि सोयाबीनची शेती असलेलं. घरधनी नरसिंगराव, बायको शिवकांताबाई. शिवकांताबाई पारूबाईपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण तिला 'पारू' म्हणायची आणि अगंतुगं करायची. पारूबाई तिला 'बाई' म्हणायची. हे असं का, असं कुणी विचारलं असतं तर दोघींनाही प्रश्नच कळला नसता.

शिवकांताबाईच्या कोपरांना आणि पोटऱ्यांना दर हिवाळ्यात खाज सुटायची. कातडी पांढरी पडायची, खाजवून रक्त यायचं. तीस वर्षं तिला उतार पडला तो पारूबाईच्या तेलानं. पारूबाई ओसरीच्या खाली उभी राहायची. शिवकांताबाई स्टीलची वाटी घेऊन वरच्या पायरीवर यायची. पारूबाई बाटली वीतभर वर धरून तेलाची धार सोडायची. बाटली वाटीला लागायची नाही. तेल घरात जायचं, अंगाला लागायचं, गादीत मुरायचं, बाटली तेवढी बाहेर राहायची. हा नियम कुणी कुणाला सांगितलेला नव्हता, म्हणूनच तो मोडायचीही कुणाला सोय नव्हती.

"पारू, तुझ्या हाताला गुण हाय गं," शिवकांताबाई म्हणायची.

"व्हय बाई," पारूबाई म्हणायची, आणि तोच गुणाचा हात पदराला पुसून नाला ओलांडायची.

त्या घरची आणखी एक हिवाळी कामगिरी पारूबाईकडं होती. बिब्बे फोडायची. बिब्ब्याच्या आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात चांगली लागते, पण वरच्या टरफलातलं काळं तेल अंगाला लागलं की माणूस सुजतो, फोड येतात, आठवडाआठवडा आग होते. याला इकडं बिब्बा उतणं म्हणतात. म्हणून हे काम घरची बाई करत नाही, पारूबाई करते. ढग्यांच्या गोठ्यात त्यासाठी एक वेगळी भली मोठी लोखंडी कढई होती. तिच्यात बिब्बे भाजायचे, हातांना राख चोळायची आणि फोडत बसायचं. पारूबाईच्या बोटांवरचे काळे डाग त्या कढईचे आहेत, धुरपताबाईच्या तेलानंही ते गेले नाहीत.

तर अशा या घरात दिवाळीला मुलगा मृत्युंजय आला. सोबत त्याची बायको तनुजा, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मृत्युंजयनं लातूरला फार्मसीचं शिक्षण घेतलं आणि तिथंच एक औषधाचं दुकान टाकलं. दुकान चालेना. दुकानासमोरून मात्र दिवसभर क्लासला जाणारी पोरं वाहायची. डॉक्टर व्हायला महाराष्ट्रभरातून आलेली, एका खोलीत सहा-सहा कोंबलेली आणि येता-जाता खाजवणारी. मृत्युंजयच्या डोक्यात प्रकाश पडला. आईचं कोपर बरं करणारं तेल लातूरला विकलं तर?

दुसऱ्या दिवशी पारूबाईला बोलावणं गेलं.

"या या, पारूमावशी!" मृत्युंजय ओसरीवरून म्हणाला.

पारूबाई अंगणात थबकली. "मावशी कवापासून झाले रं मी? काय काम काढलंस?"

त्यानं काम सांगितलं. वसतिगृहातली पोरं, खाज, बाटल्या, पुढं मोठी कंपनी. मोबदल्याचंही काही बोलला. पारूबाईनं ते माशी हाकलल्यासारखं हातानं बाजूला केलं.

"तेल सांगते. शिकवते. पोरांला उतार पडत असंल तर चांगलंच हाय. पर एक करायचं. बाटलीवर नाव टाकायचं."

"तुमचं?"

"माझं कशाला? मी शिकलेली. शिकवणारीचं टाक. धुरपताबाई गजभारे, इस्लापूर. बारीक अक्षरात असलं तरी चालंल. पर वाचता यावं."

एवढंच. तिला बाकी काही नको होतं. सासूचा फोटो नाही, समाधी नाही, मतदारयादीतलं नावही कधीच कटलेलं. धुरपताबाई नावाची बाई या पृथ्वीवर होऊन गेली याचा पुरावा म्हणजे ते तेल, आणि तेलावर काही लिहिलेलं नसतं. ते लिहून घ्यायची ही एकच संधी होती आणि पारूबाईला ती चांगली कळली होती.

"टाकू की," मृत्युंजय म्हणाला. तो तरुण होता, त्याला त्यात काही अवघड दिसलं नाही.

नरसिंगरावांना दिसलं. ते सुपारी कातरत होते. "धुरपताबाई टाका, आमची ना न्हाई. आडनाव काहून पायजे? नुसतं धुरपताबाई चांगलं दिसतंय. देवीवाणी."

"मग कोणच्या घरची धुरपताबाई, हे लोकांला कसं कळंल मालक?" पारूबाईनं विचारलं.

ते कळू नये म्हणूनच तर नरसिंगराव बोलले होते. पण तसं उघड सांगण्याइतके ते अडाणी नव्हते. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय लाळेत बुडवला.

पुढं तीन दिवस पारूबाई अंगणातल्या दगडावर बसून बोलली आणि मृत्युंजयनं ते सगळं मोबाइलवर भरून घेतलं. साल कशी, पाला किती, वात कशी वळायची, फेस वर आला की आच कशी ओढायची. चौथ्या दिवशी चाळीस बाटल्यांचा पहिला घाणा काढायचं ठरलं. पारूबाई म्हणाली, "एवढं तेल घरच्या कढईत मावायचं न्हाई. आमच्या विहाराची कढई आणते. चौदा एप्रिलचं जेवण तिच्यातच व्हतं. घासून-पुसून लख्ख हाय."

शिवकांताबाईचा चेहरा क्षणभर तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा झाला. मग ती गोड हसली. "अगं नको, एवढं कुठं वागवत आणतीस? आमच्याकडं हाय की मोठी."

"कोणती?"

"हाय गं एक. आन् हे बघ पारू, गुरुवारी चुलीची पूजा हाय, पाव्हणे हायेत. तू आपली शनिवारी, तेल उतरल्यावर ये."

"वात कोण बघंल?"

"मृत्युंजय बघतो की. त्याचं शिक्षणच हाय त्यातलं."

पारूबाई परत आली. गुरुवारी दिवसभर ती दारात बसून होती आणि नाल्यापलीकडच्या धुराकडं बघून तिचं चाललं होतं, "आच जास्त हाय. आच जास्त हाय." गल्लीतल्या टवाळांनी तिला विचारलं, "पारूमाय, इथूनच हाक मारून सांग की." तिनं एकेकाच्या आजोबापर्यंत जाऊन उत्तर दिलं.

आठवड्यानं शेजारची रेणुका, अंगणवाडीताई, मोबाइल घेऊन आली. ढग्यांचा व्हिडिओ गाजत होता. पैठणी नेसलेली शिवकांताबाई कढईपाशी बसलेली. कढईला झेंडूच्या माळा इतक्या की लोखंड दिसत नव्हतं. बाई म्हणत होती, "हा आमच्या ढगे घराण्याचा चार पिढ्यांचा वारसा. माझ्या आजेसासूबाईंनी माझ्या हाती दिला." मग बाटली दिसली. हिरवं झाड, सोनेरी अक्षरं आणि मधोमध नाव: शिवकांता तेल.

पारूबाईनं व्हिडिओ दोनदा बघितला. "फेस आल्यावर उतरवलं. बरं केलं," एवढंच म्हणाली. रेणुकाला वाटलं म्हातारीनं लेबल बघितलंच नाही. पण पारूबाईनं तिसऱ्यांदा मोबाइल मागितला, बाटलीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. साक्षरतेच्या वर्गात ती वाचायला शिकली होती. बारीक अक्षरात लातूरचा पत्ता होता, फोन नंबर होता, किंमत होती. धुरपताबाई नव्हती.

तिनं जाऊन विचारलं. अंगणातून.

"अहो मावशी, लेबलं आधीच छापून आली होती," मृत्युंजय म्हणाला. "पुढच्या खेपेला नक्की."

"पुढच्या खेपेला," पारूबाई म्हणाली. ती वाद घालायला गेली होती, पण त्यानं असं हसून सांगितलं की वाद कुठं धरावा तेच तिला उमगेना. घरी येऊन तिनं तीन दिवस कुणाशी भांडण केलं नाही. गल्लीला ते फार जड गेलं.

मग फोड आले.

तनुजानं पुढच्या व्हिडिओसाठी तेल तोंडाला, मानेला, हातांना चोळलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला आरशात स्वतःचीच ओळख पटेना. लातूरला नातेवाइकांत वाटलेल्या बाटल्यांचे फोन सुरू झाले. एकाच्या पाठीवर, एकीच्या पायांवर. तनुजाचे वडील निलंग्याचे, वजनदार माणूस. त्यांनी फोनवर एकच विचारलं, "हे तेल कुणाचं?"

आणि बघा, तेव्हा ढग्यांना नाव आठवलं! मृत्युंजयनं दुपारीच जाहीर करून टाकलं: सदर तेलाची कृती इस्लापूर येथील श्रीमती पारूबाई गजभारे यांनी त्यांच्या सासू कै. धुरपताबाई गजभारे यांच्या माहितीवरून दिलेली असून, आमचा त्यावर विश्वास बसल्याने ही चूक झाली. आडनाव आलं, गाव आलं, श्रीमती आलं, कैलासवासी आलं. बारीक अक्षरातही नाही, चांगलं ठळक. जे लेबलावर दोन ओळींत मावत नव्हतं, ते गावागावातल्या मोबाइलवर एका दुपारीत जाऊन पोचलं. तिथून बाजार, आणि बाजारातून तेजाब.

आश्रमशाळेतून तीन भरलेल्या बाटल्या परत आल्या. पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवलेल्या, आणणारा हाक न मारता गेलेला. ज्या बायका पारूबाईकडून लेकरांच्या घामोळ्यांसाठी तेल न्यायच्या, त्या नळावर तिला बघून हंड्यातल्या पाण्यात काहीतरी शोधू लागल्या. आपली गल्लीही काही वेगळी निघाली नाही. बातमी पसरवणाऱ्या जिभा निम्म्या इथल्याच होत्या, आणि आता त्या हळूच दाताआड गेल्या होत्या. आनंदराजचा बिलोलीहून फोन आला. "तुला किती डाव सांगितलं आई, तेल वाटत जाऊ नको म्हणून? हिथं कचेरीत लोकं मला विचारून राहिले. लाज आणली."

"तुला लहानपणी काय चोळलं व्हतं रे?" तिनं विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती नाला ओलांडून ढग्यांकडं गेली. तनुजा ओसरीवर बसली होती, तोंड सुजलेलं. पारूबाई अंगणातूनच निरखत राहिली. मग म्हणाली, "पोरी, मान जरा उजेडाकडं कर. खाज हाय का आग?"

"दोन्ही."

"फोडातून पाणी सुटून राहिलंय? आन् कडा काळ्या पडल्या?"

"हो."

पारूबाईनं डोळे मिटले. "बिब्बा उतलाय," ती म्हणाली. "तेल लावू नको आता कसलंच. साबणानं धू, कपडे धू, आन् आजच किनवटच्या दवाखान्यात जा. घरचं काही करत बसू नको, डोळ्याजवळ हाय."

मग ती कुणाला न विचारता गोठ्याकडं वळली. शिवकांताबाई मागं धावली. गोठ्यात कढई पालथी घातलेली होती. झेंडूच्या माळा वाळून बाजूला पडलेल्या. पारूबाईनं कढई सुलटी केली. आतल्या बाजूला, कडीच्या जोडापाशी, काळी चिकट रेघ होती. तीस हिवाळे ज्या रेघेनं तिचे हात खाल्ले, ती तिनं अंधारातही ओळखली असती. गुरुवारी तिला या चुलीजवळ पाच मिनिटं उभं राहू दिलं असतं, तर तिनं तिथंच आरडाओरडा केला असता.

"बाई, ही कढई?"

"हळू बोल," शिवकांताबाई म्हणाली. "तीनदा राखेनं घासली व्हती गं. एवढी मोठी दुसरी कुठून आणावं?"

"विहाराची देत व्हते."

"ती कशी आणावं, पारू?" शिवकांताबाई अगदी काकुळतीला येऊन म्हणाली, जसं काही पारूबाईच हट्टाला पेटलीय. "पूजा व्हती ना."

पारूबाईनं कढई पुन्हा पालथी घातली. बाई खोटं बोलत नव्हती, हेच तर वाईट होतं. विहाराच्या कढईपेक्षा बिब्ब्याची कढई तिला खरोखरच चोख वाटली होती.

शनिवारी आक्रीत झालं. शिवकांताबाई स्वतः गल्लीत आली. तीस वर्षांत पहिल्यांदा. पारूबाईनं चहाचं विचारलं तर म्हणाली आत्ताच घेतला. दारातच उभी राहिली आणि खालच्या आवाजात बोलली. गल्लीतल्या प्रत्येक दाराआड एक कान होता, त्यामुळं तो खालचा आवाज वाया गेला नाही.

"उद्या निलंग्याचे व्याही येऊन राहिले. कढई आमची व्हती हे कळलं तर पोरीला घेऊन जातील, पारू. सासूनंच सुनेला बिब्बा लावला म्हणतील. तू एवढंच म्हण, की म्या चुकून एक मुळी भलती सांगितली. म्हातारपण हाय, चुकतं माणूस. कुणी तुझ्यावर केस करणार न्हाई, हा जिम्मा आमचा. आन् हे बघ."

तिनं मोबाइल पुढं केला. नवीन लेबल. झाड तसंच, सोनेरी अक्षरं तशीच, पण मधोमध मोठ्या ठशात: धुरपताबाई गजभारे यांचं पारंपरिक तेल, इस्लापूर.

पारूबाईनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. बोट लागलं की चित्र सरकायचं, अक्षरं निसटायची. ती पुन्हा मागं आणायची. 'धु' वरून 'र' वर, 'प' वर. शिवकांताबाईनं तेवढा वेळ मोबाइल धरून ठेवला. तिच्या मनगटाला एवढा वेळ ताठ राहायची सवय नव्हती.

"आडनावासकट हाय," शिवकांताबाई म्हणाली.

"दिसतंय," पारूबाई म्हणाली. आणि बोट काढून घेत, "येते उद्या."

झालं, गल्लीनं निकाल लावला की म्हातारी वळली. आनंदराजलाही कुणीतरी कळवलं. त्याचा सूर एकदम बदलला. "आई, नाव येतंय ना बाटलीवर? मग बोलून टाक एक शब्द. तुझं काय जातंय? आजीचं नाव लातूर-पुण्यापर्यंत जाईल." पारूबाईनं ऐकून घेतलं. रात्रभर तिच्या मनात काय चाललं ते गल्लीलाही कळलं नाही. सकाळी मात्र तिनं पांढरं पातळ काढलं, जे ती फक्त बुद्धपौर्णिमेला नेसायची.

रविवारी ढग्यांच्या ओसरीवर व्याही बसले होते, शेजारी तनुजाची आई, कडेला तोंडाला मलम लावलेली तनुजा. पारूबाई नेहमीसारखी अंगणात थांबली.

"वर या पारूबाई," नरसिंगराव म्हणाले. "या, बसा."

पारू नाही, पारूबाई. ये नाही, या. पायऱ्या तीनच होत्या, पण तिला चढायला वेळ लागला. तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, जरा बाजूला. चहा आला. सगळ्यांना फुलांच्या कपात, तिला कागदाच्या. तिनं तो हातात धरला आणि प्यायली नाही.

व्याह्यांनी तिला खालीवर बघितलं. "तुम्हीच का त्या? काय टाकलं होतं तेलात?"

"खैराची साल, निंबाचा पाला, करंज, तरोटा, हळद, तिळाचं तेल," पारूबाई म्हणाली. "तीस वर्सं हेच टाकते. दोनशे पोरांच्या अंगाला लागलंय."

"मग माझ्या मुलीलाच फोड का आले?"

मृत्युंजय आपल्या पायांकडं बघत होता. नरसिंगरावांनी घसा खाकरला. शिवकांताबाईनं मोबाइल मांडीवर उघडून ठेवला होता, पारूबाईला दिसेल असा. सोनेरी अक्षरं उन्हात चमकत होती.

"सांग की पारू," ती गोड आवाजात म्हणाली. "वयानं चुकतं माणूस, त्यात काय लाजायचं? एक मुळी भलती पडली, म्हण. नाव तर आम्ही मोठ्या अक्षरात छापून राहिलोच हाय."

पारूबाईनं कागदाचा कप खाली फरशीवर ठेवला, पदर सारखा केला आणि उभी राहिली.

"बाई, तेल तुम्ही बिब्ब्याच्या कढईत उकळलं, कारण आमची कढई तुमच्या पूजेला चालत नव्हती. माझ्या सासूनं उभ्या जन्मात कुणाच्या अंगाला फोड आणला न्हाई. तीस वर्सं तिचं तेल तुम्ही बिननावाचं लावलं, तवा तुम्हाला नाव सुचलं न्हाई, आन् आता फोडाला नाव पायजे व्हय? त्या बाटलीवर तुमचंच नाव राहू द्या."